गळ्यातलं ऊन : कर्जत-खालापूरचे तीन दिवस

"लोक उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी जातात. तू गरम हवेच्या ठिकाणी चाललीस. तेही स्वतःचं पेट्रोल जाळून!" आमच्या ह्यांनी निघता निघता दिलेला हा आशीर्वाद. माझा ब्लॉग वाचणाऱ्यांना ठाऊक आहे की माझं आणि उन्हाचं साता जन्मांचं वैर आहे. एप्रिल उजाडला की मी पंख्याखालची जागा सोडत नाही. आणि त्याच एप्रिलच्या शेवटी मी ठाण्याहून गाडी काढून कर्जतच्या भट्टीत शिरायला निघाले होते.

ह्याला कारण माझी मामेबहीण अनघा. ती एका संस्थेत माणसांना लागणारं ऊन मोजते. हवामान खातं मोजतं ते नाही बरं का. ते सावलीतलं, पेटीतलं. अनघा मोजते ते माणसाच्या अंगावर पडणारं. यंदा कर्जत-खालापूरकडे उन्हाने ताळतंत्र सोडला होता, आणि तिच्याबरोबर जाणारी मुलगी ऐन वेळी तापाने पडली. "ताई, तुला गाडी येते, वेळ आहे, आणि तू न थांबता बोलतेस म्हणजे मला झोप येणार नाही," असं तिने फोनवर सांगितलं. कौतुक की टोमणा ते मी विचारलं नाही.

भल्या पहाटे निघालो. पनवेल ओलांडून जुन्या पुणे रस्त्याला लागलो तोवर हवा बरी होती, खिडक्या उघड्या ठेवता आल्या. ज्यांना हा रस्ता करायचा आहे त्यांनी एक्सप्रेसवेच्या नादी लागू नये. जुना रस्ता सावकाश आहे, पण चौकला गरम मिसळ मिळते, डाव्या हाताला माथेरानचा डोंगर दिसत राहतो, आणि टोलही वाचतो.

मिसळ खाताना अनघाने तिचा पसारा दाखवला. तीन तापमापी एका काठीवर. एक साधा. दुसऱ्याच्या बुडाला ओली वात गुंडाळलेली. तिसरा काळ्या रंगाच्या पोकळ तांब्याच्या गोळ्यात, मोसंबीएवढ्या.

"ह्या साध्याने हवा कळते," ती म्हणाली. "गोळ्याने ऊन आणि तापलेली जमीन कळते. आणि ओल्या वातीने कळतं की तुझा घाम वाळणार की नाही. घाम वाळला तर माणूस थंड होतो. नाही वाळला तर तो नुसता गळतो, आणि आतून माणूस शिजत जातो."

"मिसळ खाताना शिजणं वगैरे बोलू नये," मी म्हटलं. पण खरं सांगते, अंगावर काटा आला. जन्मभर मी घामाला शिव्या दिल्या. तो बिचारा मला वाचवत होता हे पन्नाशी उलटल्यावर कळलं.

मग तिने एक डबी उघडली. आत दहाच्या नाण्याएवढी गोल यंत्रं, प्रत्येक जाळीच्या छोट्या पिशवीत, पिशवीला दोरा. हे गळ्यात घालायचं. दर थोड्या वेळाने ते आजूबाजूची उष्णता स्वतःच नोंदवतं. आठवड्यापूर्वीच तिने अशी काही यंत्रं गरोदर बायकांना दिली होती, कारण उन्हाचा सगळ्यात मोठा धोका पोटुशीला आणि पोटातल्या बाळाला. त्यांतली एक सविता. कोंडाण्याच्या वरच्या अंगाला ठाकरवाडी आहे, तिथली माहेरवाशीण. नववा लागलेला, पहिलंच बाळंतपण, आईकडे आलेली.

"तिची मला काळजी आहे," अनघा म्हणाली. "रक्त कमी, मूल लहान. लाटेचा हा एक आठवडा उन्हापासून सांभाळली तर पोर सुखरूप सुटेल. मी आईला दहादा बजावून आलेय."

पहिला थांबा साजगाव. खोपोलीच्या अलीकडचं हे गाव आता कारखान्यांचंच आहे. एका फाटकासमोरच्या चहाच्या टपरीजवळ अनघाने काठी रोवली आणि लगेच बघे जमले. पाळी सुटून आलेला एक माणूस, भट्टीवर काम करणारा, शर्ट पिळून झटकत उभा होता.

"मॅडम, किती हाय?"

अनघाने गोळ्याचा आकडा सांगितला. पन्नाशीच्या वर गेलेला. मी "अगं बाई!" म्हणून टपरीच्या पत्र्याखाली सरकले, तर तिथे अजून गरम.

तो माणूस मात्र हसला. "मंग बरोबर हाय. आतनं भाईर आलो का आमाला गार वाटतं."

विनोद म्हणून तो बोलला नव्हता. चहा घेतला, ग्लास धुऊन ठेवला आणि गेला. मी तिथे ताक शोधत होते आणि तो माणूस पन्नास अंशांच्या उन्हात गारवा खात घरी चालला होता! त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की मी सहलीला आलेली नाही, कुठल्यातरी अचाट जागी आले आहे.

दुपारी कर्जत गाठलं. जेवण स्टेशनजवळच्या खानावळीत. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, वालाचं बिरडं, सोलकढी. दोघींचे चारशे रुपये झाले आणि बिरडं असं की तेवढ्यासाठी परत जावं. राहायला गावाबाहेर एका घरगुती निवासात खोली घेतली होती. एप्रिलमध्ये इकडे कुणी फिरकत नाही, म्हणून भाव अर्धे असतात. का फिरकत नाही ते खोलीचं दार उघडल्यावर कळलं.

ऊन थोडं कललं तसं कोंडाण्याच्या लेण्यांकडे निघालो. कोंडिवड्यापर्यंत रस्ता चांगला आहे, पुढे गाडी ठेवून रानातून पायवाट. अर्धा-पाऊण तास लागतो. पाणी बरोबर घ्याच, वाटेत दुकान नाही. पावसाळ्यात हीच वाट हिरवी आणि गर्दीची असते. एप्रिलमध्ये साग उघडे पडलेले, खाली पानांचा कुरकुरीत थर, आणि आम्ही दोघी सोडून कुणी नाही. मी दर वळणावर थांबत होते. "फोटो काढतेय," म्हणत होते. धापा टाकत होते.

आणि मग एकदम कडा समोर येतो. दगडात कोरलेली कमान, लाकडाच्या तुळया असाव्यात तशा दगडाच्याच तुळया, आणि आत अंधारा, उंच, शांत चैत्य. उंबरठा ओलांडला आणि गारवा असा अंगावर आला की मी चक्क ओरडले. अनघाने बाहेर मोजलं होतं, तशीच आत काठी उभी केली. गोळ्याचा आकडा उतरत गेला, उतरत गेला आणि तिशीच्या आसपास येऊन थांबला. पंधरा पावलांवर पेटलेलं ऊन, आणि आत माठातलं पाणी प्यायल्यासारखं सुख. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी छिन्नी घेऊन हा गारवा खोदून काढला आणि तो अजून संपलेला नाही! मी खाली बसले आणि बराच वेळ काही बोलले नाही. अनघाने मला बरं वाटतंय ना म्हणून विचारलं.

आत पांढरा सदरा घातलेले एक काका केरसुणीने झाडत होते. कर्जतचेच, पोस्टातून निवृत्त झालेले. बुद्धपौर्णिमा जवळ आली की ते येऊन झाडलोट करतात, कुणी सांगितलेलं नाही, मनाने. काळा गोळा बघून त्यांनी विचारलं, "ह्यात काय दिसतं?"

"ऊन किती लागतं ते," मी म्हटलं.

"अस्सं." ते जरा विचारात पडले. "मग बाहेर काय नि आत काय? लागतं तर माणसाला. माणूसच मोजा की."

"तेच करतोय काका," अनघा म्हणाली आणि आम्ही तिघं हसलो.

संध्याकाळी खोलीवर आलो, अंगावर तांब्या-तांब्याने पाणी घेतलं आणि चहा मागवला. वाडीवर दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं ठरलेलं होतं. त्याआधी आकडे यायचे होते. वाडीची आशाताई दर संध्याकाळी घरोघर जाऊन आपला मोबाईल त्या यंत्रांजवळ धरते, आकडे त्यात उतरतात, आणि आठवड्याने ती खाली आली, रेंज मिळाली की सगळे एकदम अनघाला पाठवते. तसे पहिल्या आठवड्याचे ते आले. अनघा लॅपटॉप उघडून बसली. मी तिला बिरड्याची कृती सांगत होते.

"ताई, गप्प बस जरा."

तिचा आवाजच वेगळा होता. मी उठून पडद्याकडे बघितलं. गरोदर बायकांच्या रेषा होत्या, बहुतेक सगळ्या दुपारी थोड्या वर जाऊन खाली येणाऱ्या. एक रेषा मात्र रोज दुपारी सरळ कड्यासारखी वर चढत होती. दोन दिवस तर इतकी वर की अनघाला वाटलं यंत्र बिघडलं. सविताची रेषा.

"ही उन्हात आहे," अनघा म्हणाली. "रोज. भर दुपारी. आणि नुसती उन्हात नाही, आगीजवळ आहे. नववा महिना चालू आहे हिचा!"

तिने आशाताईला फोन लावला. आशाताईने ठामपणे सांगितलं, "नाय हो मॅडम, ती घरातच असते. तिला काडी उचलू देत नाय तिची आई. मी जाते तेव्हा यंत्र खुंटीला लावलेलं असतं, सविता बाजूला बसलेली असते."

मग ही आग कुठली? वाडीवर फोन लागत नाही. अनघा रात्री जेवली नाही. मी जेवले, खोटं कशाला बोलू. नात्याची ना गोत्याची ती पोर, मी तिला बघितलंही नव्हतं, तरी मला तिचा घोर लागला होता.

सकाळी लवकर निघणार होतो, तर गाडीचं चाक बसलेलं. पंक्चरवाला उगवेपर्यंत ऊन वर आलं. कोंडाण्याजवळ गाडी ठेवली आणि चढायला लागलो तेव्हा दगड बुटाच्या तळातून जाणवायला लागले होते. वाट नदीचं पात्र ओलांडते आणि मग चढ. उल्हास नदी इथे लहान आहे आणि एप्रिलअखेर तर नुसते गोटे. पात्रात खड्डे खणून ठेवलेले असतात, त्यात पाझरून जमलेलं पाणी वाटीने हंड्यात भरायचं. अनघा पुढे पळत होती. तिला हाक मारायलाही माझ्याजवळ श्वास नव्हता.

वाडीत शिरलो. पहिल्याच घरी सविता. अंगणात पत्र्याचं नवं घर, शेजारी जुनं कुडाचं, म्हणजे कारवीच्या काठ्यांना शेणमाती लिंपलेलं. ती कुडाच्या घरात होती. सारवलेल्या जमिनीवर पाय पसरून, उशाला गोधडीची घडी, हातात गवारीच्या शेंगा. चेहरा टवटवीत. आम्हाला बघून उठायला लागली तर अनघाने तिला हात धरून खाली बसवलं, नाडी बघितली, डोळे बघितले.

"कशी आहेस गं? दुपारी कुठे जातेस?"

"कुठं नाय जात मॅडम. आई उठूबी देत नाय. नवं घर तापतं म्हणून इथंच बसवते." सविता आश्रमशाळेत शिकलेली, बोलणं स्वच्छ, मधूनच वाडीचं.

"मग गळ्यातलं यंत्र?"

सविता एकदम खाली बघायला लागली. शेंगेचं टोक मोडत राहिली.

"आईनं घातलंय," ती शेवटी म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. मला म्हणाली, पोटात लेकरू असताना बाईला मोजू द्यायचं नसतं. मोजलं का कमी होतं. पण तुमाला नाय कसं म्हणायचं, तुमी एवढ्या लांबून येता. म्हणून तिनं घातलं. संध्याकाळी आशाताई यायच्या आधी खुंटीला लावते."

तुम्ही हसाल कदाचित. मी हसले नाही. आपल्याकडे जेवणाऱ्याच्या पोळ्या कुणी मोजत नाही, झोपलेल्या पोरांची डोकी मोजत नाही. मोजलं की दृष्ट लागते हे माझ्या आईनेही मला बजावलेलं आहे. मी फक्त मान हलवली.

अनघाच्या चेहऱ्यावर क्षणभर सुटका दिसली. सविता सुखरूप होती. आणि लगेच तो चेहरा पांढराफटक पडला, कारण ती रेषा खोटी नव्हती. ते ऊन कुणाच्या तरी अंगावर पडत होतं.

"आई कुठे आहे?"

"राब भाजत होती सकाळी. आता पाण्याला गेली असंल." सविताने दाराबाहेर बघितलं. "यायला पायजे होती एव्हाना."

राब म्हणजे भाताचं रोप जिथे करायचं त्या जागेवर पालापाचोळा, शेण, झाडाच्या तोडलेल्या फांद्या पसरून जाळायचं. जमीन भाजून निघाली की तण मरतं, रोप जोमाने येतं. म्हणजे रणरणत्या एप्रिलमध्ये ही बाई आगीजवळ उभी राहून काम करत होती, तिथून तशीच नदीत उतरून पाणी भरत होती, आणि परत चढत होती. लेकीने करायची ती सगळी कामं धरून.

"तू इथून हलायचं नाहीस," अनघाने सविताला सांगितलं आणि आम्ही दोघी खाली धावलो. मी धावले! ह्यांना खरं वाटणार नाही.

ती नदीच्या पात्रातच होती, आम्ही ओलांडून आलो त्याच्या वरच्या वळणाआड, म्हणून चढताना दिसली नव्हती. खड्ड्याच्या कडेला बसलेली, शेजारी भरलेले दोन हंडे, हातात वाटी. चांगुणाबाई. लहानखुरी, सुकलेल्या अंगाची, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. ती वाटीने वाळू उचलत होती आणि भरलेल्या हंड्यात ओतत होती. मी "मावशी" म्हणून हाक मारली तर माझ्याकडे बघितलं, पण मी तिला दिसले नाही. मी तिच्या दंडाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. तव्यावरून उतरलेली भाकरी असावी तसा तो दंड. आणि कोरडा. घामाचा थेंब नाही.

"सावलीत!" अनघा ओरडली. काठावर उंबर होता. दोघींनी उचलून तिथे नेलं. ती इतकी हलकी होती की मला रडू आलं. "तोंडात पाणी घालू नकोस, ठसका लागेल. डोक्यावर घाल. मानेवर, काखेत. ओत, ताई, ओत!"

मी पहिला हंडा तिच्या डोक्यावर रिता केला. अनघा पदराने वारा घालत होती. काही झालं नाही. चांगुणाबाईचे डोळे अर्धवट उघडे, ओठ हलत होते पण शब्द नव्हता.

दुसरा हंडा उचलला तेव्हा मागे पावलं वाजली. सविता. एवढं मोठं पोट घेऊन, अनवाणी, तापलेल्या गोट्यांवरून, डोक्यावर ओलं लुगडं घेऊन उतरली होती. तिने ते लुगडं आईच्या अंगावर टाकलं, हंडा माझ्या हातातून घेतला आणि हळूहळू ओतायला लागली.

"आये. ए आये. बघ ना."

पाणी चांगुणाबाईच्या कपाळावरून, डोळ्यांवरून, गळ्यातल्या त्या जाळीच्या पिशवीवरून वाहत होतं. आणि मग तिने डोळे मिचकावले. लेकीला बघितलं. पहिलं वाक्य काय बोलली माहीत आहे?

"तू कशाला आलीस गं उनात!"

आणि दुसरं, रिकाम्या हंड्याकडे बघून, "पानी सांडलात समदं."

सविता हसायला आणि रडायला एकदमच लागली. मीही. अनघा तर चिखलात बसकण मारून ढसाढसा रडली.

त्या तिघींना उंबराखाली सोडून मी गाडी आणायला गेले. ती नदीच्या कच्च्या वाटेवर कशी घातली ते विचारू नका, खालचा पत्रा अजून वाजतो. सगळ्यांना घालून कर्जतला सरकारी दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी चांगुणाबाईला सलाईन लावलं, रात्रभर ठेवायचं सांगितलं, आणि अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, असं अनघाला बाजूला घेऊन म्हणाले. सविताचीही तपासणी झाली. बाळ मजेत होतं.

संध्याकाळी चांगुणाबाई उशीला टेकून बसली. मी वडापाव आणले होते, ते तिने सगळ्यांना वाटले आणि स्वतः अर्धा घेतला. मग अनघाकडे बघून म्हणाली, "ताई, रागवू नको. तुझं यंत्र म्या घातलं."

"रागावले नाही हो."

"ऊन तर ऊनच हाय. कुनाच्या गळ्यात का आसंना, तुला आकडा घावला ना?"

अनघाने लॅपटॉप उघडला, सविताला जवळ बोलावलं आणि ती रेषा दाखवली. मला वाटलं ती समजावून सांगेल. पण सांगायची गरजच पडली नाही. सविता पडद्यावर बोट ठेवून वाचत गेली.

"हे राबाचं, दोन दिवस. हे पाण्याचं. हे परत पाण्याचं. हे लाकडं आणली त्या दिवशीचं. आणि हे सकाळचं काय बारीक वर गेलंय?"

"चूल असेल," अनघा म्हणाली.

"माझं अंघोळीचं पाणी तापवते," सविता हळूच म्हणाली.

मी डोंगर बघितलेत, समुद्र बघितलाय, बर्फ बघितलाय आणि ह्या ब्लॉगवर त्यांची वर्णनं करून तुम्हाला पिडलंय. पण त्या खाटेवरच्या दीडवितीच्या पडद्यावर जे बघितलं तसं काही बघितलेलं नाही. एका बाईने आठवडाभर आपल्या लेकीच्या वाटचं ऊन स्वतःच्या अंगावर घेतलं होतं, आणि ते सगळं तिथे उमटलं होतं, तासातासाने. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पडले. "ह्या बाईला काय झालं?" असं तिने लेकीला विचारलं.

तिसऱ्या दिवशी तिला सोडलं. परत वाडीवर पोचवलं तेव्हा सविताचा बाप वीटभट्टीवरून आलेला होता, निरोप मिळाल्यावर रात्रीच निघून. त्याने रिकामे हंडे उचलले आणि पाण्याला गेला. निघताना चांगुणाबाईने पळसाच्या पानात करवंदं बांधून दिली, आणि यंत्र गळ्यातून काढून अनघाच्या हातावर ठेवलं. अनघाने ते परत तिच्याच गळ्यात घातलं. म्हणाली, "आता तुमच्या नावाने मोजते. तुम्हाला चालेल ना?" चांगुणाबाई म्हणाली, "माजं मोज की. माजं काय कमी व्हायचंय आता?"

परतताना चौकला परत थांबलो. मिसळ समोर आल्यावर अनघा म्हणाली, "मी फक्त गरोदर बायका मोजल्या गं. ज्या ज्या बाईची रेषा खाली आहे, तिच्या घरात कुणाची तरी रेषा वर असणार. ती मी कुठेच धरली नाही." तिला आता सगळं नव्याने मांडायचं आहे. मी तिला म्हटलं, गाडी तयार आहे. खालचा पत्रा दुरुस्त झाला की.

कुणी जाणार असाल तर एवढंच सांगते. लेणी पहाटे बघा. दुपारी बाहेर पडू नका. टोपी, मीठ-साखरेचं पाणी, ओला पंचा जवळ ठेवा. आणि उन्हात कुणी माणूस घाम न येता, भलतंच काहीतरी करत बसलेला दिसला तर "दमला असेल" म्हणून पुढे जाऊ नका. सावलीत न्या, पाणी ओता, दवाखाना गाठा.

घरी येऊन तीन आठवडे होत आले. पंख्याखाली बसते तेव्हा आता जरा अवघडल्यासारखं होतं. ह्यांनी विचारलं, काय आणलंस तिकडून? मी म्हटलं, करवंदं होती, संपली. दुसरं काय सांगणार? तो दंडाचा चटका माझ्या तळहातावरून अजून जात नाही, हे त्यांना कसं सांगू?

परवा दुपारी सविताचा फोन आला. कर्जतलाच बाळंत झाली. मुलगी, दोघी सुखरूप, आता वाडीवर. बोलायला रेंज मिळावी म्हणून कुणाचा तरी मोबाईल घेऊन उंबराजवळ आली असेल असं मला वाटलं आणि मी रागावलेच, "बाळंतीण ना गं तू? उन्हात काय करतेस?"

"उनात नाय ताई, सावलीला हाय. वाडीच्या कडेला आता थोडी रेंज येते."

"आई कुठे आहे?"

"घरात बसलीय. बाळाला मांडीवर घेऊन. शेक-शेगडीबी पेटवली नाय, म्हणते औंदा शेक देवानंच दिलाय." सविता हसली. मग म्हणाली, "ताई, मी जन्मात पहिल्यांदा बघतेय तिला दुपारची घरात बसलेली."

"डॉक्टरांचं ऐकलं म्हणायचं."

"छे! डॉक्टरचं कुठलं ऐकते ती? मीच सांगितलं, मला बाळ धरता येत नाय, मान लटकते, भीती वाटते. दुपारचं तूच घेऊन बस. तेव्हापासून ऊन उतरेपर्यंत हलत नाय जागची."

"अगं, मग शिकून घे ना हळूहळू."

"येतं की मला," सविता आवाज खाली आणून म्हणाली. "चांगलं धरता येतं. तिला नका सांगू."